गांज्याचा तास

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू हसलास, "म्हणजे आता पोरांना गांजा शिकवणार?" शिकवला की! समोर मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाची मुलं, मागच्या बाकांवर वॉर्डातल्या सिस्टर आणि फार्मासिस्ट. आपल्या वेळी हा विषय व्यसनांच्या प्रकरणात अर्ध्या पानात उरकायचा, आठवतं ना?

सुरुवात केली ओशॉनेसीपासून. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातला हा गडी. इथल्या जाणकारांना विचारून, आधी जनावरांवर तपासून मग रुग्णांना गांज्याचा अर्क देऊ लागला आणि १८३९ साली त्यावर लिहिलं. धनुर्वात, लहान बाळाचे झटके, संधिवात. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला रुग्ण वाचला नाही, पण त्याचे हाल कमी झाले, हेही त्याने लपवलं नाही. विलायतेतल्या डॉक्टरांपर्यंत हे औषध पोचलं ते इथून. मुलं चाट पडली. त्यांना वाटत होतं, हे सगळं अमेरिकेतून आलेलं खूळ आहे.

पुढे इस्रायलचा रसायनशास्त्रज्ञ मेशुलम, त्याने १९६४ साली वेगळं काढलेलं टीएचसी (गांज्यातला नशा आणणारा घटक), आणि ते जिथे चिकटतं ते मेंदूतले रिसेप्टर. हे पटपट झालं. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात हे रिसेप्टर फार कमी, म्हणून मॉर्फिनसारखा श्वास बंद पडत नाही, एवढं ठसवलं. लगेच एकाने विचारलं, "म्हणजे सुरक्षित?" अजिबात नाही. घरातल्या लहान पोराने चुकून खाल्लं तर ते बेशुद्ध पडू शकतं, आणि मानसिक आजाराकडे कल असलेल्या तरुणाची गोष्ट तर वेगळीच.

खरा उपयोग सिद्ध झालाय तो मोजक्या ठिकाणी. ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या हट्टी फिट्सच्या आजारांत शुद्ध सीबीडी, म्हणजे गांज्यातला नशा न आणणारा घटक; त्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. केमोनंतरच्या उलट्यांवर नॅबिलोन, म्हणजे टीएचसीसारखं बनवलेलं औषध. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या स्नायूंच्या ताठरपणावर गांज्याच्या अर्काचा तोंडात मारायचा फवारा. कॅन्सर बरा होतो म्हणून व्हॉट्सॲपवर जे फिरतं, त्याला माणसांवरचा पुरावा नाही. हे मी दोनदा सांगितलं, कारण घरी जाऊन मामा-काकांना तेच सांगावं लागणार आहे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते औषधांचं एकमेकांशी जुळणं-न जुळणं. फिट्सवरचं क्लोबाझाम आपण किती सहज लिहितो! सीबीडीसोबत दिलं की क्लोबाझामपासून शरीरात तयार होणारा सक्रिय घटक साचतो आणि पेशंट दिवसभर पेंगतो. फिट्सवरच्याच व्हॅल्प्रोएटसोबत लिव्हरची एन्झाइम्स वाढतात. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, चढू शकतो. आता बघ, १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात झाडाचा फुलोरा गांजा ठरतो, नुसती पानं ठरत नाहीत. त्यामुळे विजया या आयुर्वेदातल्या नावाने पानांची तेलं वैद्याच्या चिठ्ठीवर ऑनलाइन मिळतात. पेशंट ती घेतो आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरला सांगत नाही. आपणही विचारत नाही.

म्हणून शेवटचा अर्धा तास फक्त विचारायचं कसं, याची तालीम. एका मुलाने पेशंट झालेल्या मित्राला थेट फौजदारासारखं विचारलं, "गांजा ओढता का?" शेजारी बायको बनलेली मुलगी बसलेली. उत्तर अर्थातच "छे, छे". त्यावर मागच्या बाकावरच्या एक सिस्टर म्हणाल्या, "आधी बाईंना चहाला पाठवा. मग विचारा, झोपेसाठी, दुखण्यासाठी तेल-बिल, काही घरगुती घेता का? आणि उत्तर आलं की भुवया वर नेऊ नका." माझ्या सगळ्या स्लाइड्सपेक्षा मुलांनी हे जास्त लिहून घेतलं. मला थोडं लागलं, पण बाईंचं बरोबर होतं.

आमच्यातले काही ज्येष्ठ कुरकुरतात की असं शिकवलं तर पोरं बिघडतील. बिघडायचं ते हॉस्टेलवर बिघडतातच, त्याला माझा तास कशाला हवा?

पुढचा तास पुढच्या महिन्यात आहे. तुझ्या दवाखान्यात कुणी अशी बाटली घेऊन आलं, तर पेशंटचं नाव झाकून लेबलाचा फोटो पाठव. टीएचसी किती, सीबीडी किती हे लेबलावर शोधायला लावणार आहे मुलांना. आणि जमलं तर स्वतःच ये. गावच्या डॉक्टरला लोक काय सांगतात आणि काय लपवतात, हे तू माझ्यापेक्षा बरं सांगशील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश