दम्याच्या घरात आधी स्पेसर, मग प्युरिफायर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ॲलर्जी आणि दमा असलेल्यांनी घरासाठी काय काय घ्यावे, याचे पानभर मार्गदर्शन होते. एअर प्युरिफायर, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर, निलगिरीचा रोल-ऑन, ‘अँटी-ॲलर्जी’ उशा, सगळे होते. इनहेलर म्हणजे दम्याचा पंप, आणि स्पेसर म्हणजे त्याला जोडायची प्लास्टिकची नळी, यांचा मात्र साधा उल्लेख नाही. मी फार्मासिस्ट आहे, चिंचवडला माझे औषधांचे दुकान आहे आणि माझ्या मुलाला लहानपणापासून दमा आहे. म्हणून हे पत्र.

मागच्या थंडीत एक आई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. घरी नवाकोरा प्युरिफायर, तरी मुलगा रात्रभर खोकतोय. चिठ्ठीवर दोन इनहेलर आणि एक स्पेसर. “ताई, निळा तेवढा द्या. रोजचा नको, सवय लागेल. आणि ही प्लास्टिकची नळी कशाला?” असे मी कितीदा ऐकते! निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल आवळलेली श्वासनलिका काही तासांपुरती सैल करते. आतली सूज तशीच राहते. ती उतरते रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाने. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि त्याची सवय लागत नाही. नुसत्या निळ्या पंपावर विसंबू नका, असे ‘जिना’ या जागतिक दमा संस्थेनेही २०१९ पासून सांगितले आहे. स्पेसर नसेल तर लहान मुलाचे बरेचसे औषध घशातच बसते. स्पेसर कोमट साबणपाण्यात धुवावा आणि न पुसता निथळत ठेवावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटते. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, हेही त्या माउलीला कुणी सांगितलेले नव्हते.

प्युरिफायर वाईट नाही. ऐपत असेल तर जरूर घ्यावा, पण बघून. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. खोक्यावर ‘हेपा-टाइप’ लिहिले असेल तर ती हमी नाही. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो आकडा, १७० तरी हवा. ओझोन सोडणारे यंत्र दम्याच्या घरात आणूच नये, कारण ओझोन श्वासनलिकेलाच झोंबतो. शिवाय ॲलर्जी उठवणाऱ्या धुळीतल्या माइट किड्यांचा मुक्काम हवेत नसतोच, तो गादीत आणि उशीत असतो. त्यांच्यासाठी चेनचे, घट्ट विणीचे अभ्रे घ्यावेत आणि चादरी आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवाव्यात. दमट हवा त्यांना मानवते, तेव्हा आपल्याकडच्या पावसाळ्यात ह्युमिडिफायर कशासाठी?

आणि एका कोपऱ्यात प्युरिफायर, दुसऱ्या कोपऱ्यात मच्छर अगरबत्ती असेल तर काय उपयोग? एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे २००३ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. मच्छरदाणी लावा, स्वस्त पडते.

चोंदलेल्या नाकाचे ड्रॉप्सही लोक महिनोन्‌महिने मागून नेतात. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब पाच दिवसांपलीकडे घातले की नाक उलट जास्त चोंदते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असे लेबलवर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. तरी ‘मागच्या वेळचेच द्या’ म्हणत पालक येतातच.

शेवटचे आपल्याकडे मागणे आहे. औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये दम्याचे नाव आहे. त्या यादीतले आजार बरे करण्याचा दावा औषधाने करायचा नाही, असा नियम. तरीही ‘दमा मुळापासून बरा’ अशा छोट्या जाहिराती आपल्या अंकात दिसतात. जाहिरात गोळीची असो वा जडीबुटीची, आपण एकच फूटपट्टी लावा आणि ती नाकारा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. ती पुडी हाती आली की लोक पंप बंद करतात, आणि पुढचा झटका थेट दवाखान्यात नेतो.

त्या पानाची दुरुस्ती एखाद्या छातीरोगतज्ज्ञाकडून तपासून छापावी. जागा असेल तर स्पेसरचे छायाचित्रही द्यावे. तो दिसतो कसा, हेच कित्येक पालकांना ठाऊक नसते.

– एक फार्मासिस्ट, चिंचवड, पुणे