खाडा सांगितला, तरी पोळ्या झाल्याच

पुणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार वगैरे. काल फोनवर तू विचारलंस आणि मी "बघून सांगतो" म्हणत वेळ मारून नेली. उत्तर तेव्हाही येत होतं, पण तू मध्ये मध्ये बोलतोस. कागदावर ती सोय नाही, म्हणून लिहून पाठवतोय.

तुझी तक्रार थोडक्यात अशी. मीटर रीडिंगची १२ जीबीची फाइल एमॅप केली, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांवर मांडून घेतली. मग मॅडव्हाइज बोलावून, म्हणजे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) मेमरीबद्दल सल्ला देणारं फंक्शन वापरून, विलनीड सांगितलं, म्हणजे "ही सगळी लागणार आहे, आणून ठेव". कर्नलने शून्य परत दिलं. तू समजलास, हो म्हणाला. आणि काम मात्र आधी लागायचा तेवढाच वेळ घेऊन संपलं. "मग सांगायचं तरी कशाला?" असं म्हणालास, आणि त्यापुढे जे म्हणालास ते लिहीत नाही.

सुध्या, खाडा आठवतो का? काकूंच्या मेसमध्ये सकाळीच वहीत लिहायचं, "संध्याकाळी खाडा". तू लिहायचास आणि साडेआठला भुकेला होऊन परत यायचास. काकू काही बोलायच्या नाहीत. तुझ्या वाटच्या चार पोळ्या डब्यात पडलेल्या असायच्या. दुसरा कोणी अचानक टपकला नसेल तर त्या तुला मिळायच्या, आणि खाडा रद्द. टपकला असेल तर संपलं. पुढे आपण बदलून अण्णांकडे गेलो, तिथे उलटा कारभार. खाडा लिहिला की अण्णा त्या क्षणी नाव खोडायचे आणि ताट घासायला टाकायचे. परत आलास तर धुतलेलं रिकामं ताट पुढ्यात यायचं आणि कणिक भिजवण्यापासून सुरुवात.

शब्द दोन्हीकडे एकच होता, खाडा. अर्थ मात्र मेसमालकावर. मॅडव्हाइजचं सगळं रडगाणं एवढंच आहे, पण हे कळायला मला २०१९ साली नऊ दिवस आणि दोन शनिवार लागले. ती गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण शेवटी गाढव मीच ठरलो.

तेव्हा मी ज्या कंपनीत होतो तिथे आमची एक सर्व्हिस गो भाषेत होती. गो १.१२ फेब्रुवारीत आलं, आम्ही काही आठवड्यांनी त्यावर गेलो. आठवडाभरात रात्री दोनला अलार्म: प्रोसेसची मेमरी चढतेय, उतरत नाही. आरएसएसचा ग्राफ पाहिला, म्हणजे प्रोसेसच्या नावावर प्रत्यक्ष रॅममध्ये किती पानं (मेमरीचे सहसा ४ केबीचे तुकडे) आहेत तो आकडा. (नावावरचे सगळे विनोद ऑफिसात होऊन गेलेत, तू नवीन करू नकोस.) आकडा ३ जीबीच्या पुढे. गोचा स्वतःचा हिशोब म्हणतोय, वापरात फक्त ७०० एमबी. आता असा फरक दिसला की इंजिनिअरच्या डोक्यात एकच शब्द येतो, लीक, म्हणजे घेतलेली मेमरी परत करायची राहून जाणं. मी प्रोफायलर लावला, गोरूटीन (गोमधली एकाच वेळी चालणारी छोटी कामं) मोजल्या, एका निरपराध ज्युनिअरच्या कॅशिंगच्या कोडवर संशय घेतला. त्याची मी नंतर माफी मागितली, चहाही पाजला.

लीक नव्हतीच. गो १.१२ च्या रिलीज नोट्समध्ये दोन-तीन वाक्यांत सगळं लिहिलेलं होतं, आणि आमच्यापैकी कोणीही ते वाचलं नव्हतं. आधीचं गो नको असलेली मेमरी परत करताना लिनक्सला डोन्टनीड सांगायचं. १.१२ पासून ते फ्री सांगायला लागलं. डोन्टनीड म्हणजे अण्णांची मेस: लिनक्स ती पानं तिथल्या तिथे काढून घेतो, आरएसएस लगेच उतरतो, आणि पुन्हा त्या पत्त्यावर हात लावलास तर शून्यांनी भरलेलं कोरं पान मिळतं. फ्री म्हणजे काकू. हा प्रकार लिनक्समध्ये ४.५ कर्नलपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. पानावर नुसती खूण होते की हे नेलं तरी चालेल. मेमरीची चणचण आली तरच कर्नल ते उचलतो. त्याआधी तू त्या पानावर काही लिहिलंस तर खाडा रद्द, पान तुझंच. लिहायच्या आधी नुसतं वाचलंस, तर जुना मजकूरही दिसेल किंवा शून्यंही दिसतील, भरवसा नाही.

तसं बघितलं तर फ्री शहाणपणाचं आहे. पान काढून घेणं, पुन्हा लागलं की पेज फॉल्ट (पान जागेवर नाही म्हणून कर्नलला हाक), नवं पान शोधणं, ते शून्यांनी भरणं, हे सगळं वाचतं. पण चणचण येईपर्यंत ती पानं आरएसएसमध्ये मोजली जातात, आणि अलार्म लावणाऱ्या माणसाला काकूंच्या डब्यातल्या चार पोळ्या "खाल्लेल्या" दिसतात. लिनक्स प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीचा हिशोब स्मॅप्स नावाच्या फाइलमध्ये दाखवतो, त्यात लेझीफ्री नावाची एक ओळ असते, तिथे हा आकडा वेगळा दिसतो. मी ती ओळ नवव्या दिवशी पाहिली. मग गोडीबग या गोच्या सेटिंगमध्ये मॅडव्हडोन्टनीडला १ दिलं, म्हणजे जुनं डोन्टनीड परत आणलं, ग्राफ धाडकन खाली आला, आणि मॅनेजरने "फिक्स काय केला?" विचारल्यावर मी खोकला काढला.

पुढे गोवाल्यांनीही माघार घेतली. फेब्रुवारी २०२१ च्या गो १.१६ पासून डीफॉल्ट पुन्हा डोन्टनीड. जे तंत्र मशीनला परवडतं ते बघणाऱ्या माणसांना परवडलं नाही. मला हा निर्णय पटतो. कागदावर हुशार आणि डॅशबोर्डवर खोटारडं, असलं काही रात्री दोन वाजता नको असतं.

आता तुझ्या रागाकडे येतो. हे फंक्शन नावाने सल्ला देतं. पॉझिक्स नावाच्या मानकात त्याचा जुळा भाऊ आहे, पॉझिक्स मॅडव्हाइज, आणि तिथे तत्त्व स्पष्ट आहे: सल्ल्याने वेग बदलू शकतो, प्रोग्रॅमचं उत्तर बदलता कामा नये. लिनक्सचं डोन्टनीड हे सरळसरळ मोडतं, कारण ते खाजगी मेमरीतला मजकूर पुसून टाकतं. ग्लिबसीच्या, म्हणजे लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या, लोकांनी मग काय केलं माहितेय? पॉझिक्सवाल्या डोन्टनीडला काहीच करायला लावलं नाही. तू सांगायचंस, ते मान डोलवून शून्य परत देतात, कर्नलपर्यंत निरोप पोचतच नाही. सरकारी कचेरीत अर्जावर "पोहोचला" असा शिक्का मिळतो ना, तसा.

आणि ही गंमत तर जपून ठेव. क्यूएमयू हा एमुलेटर, म्हणजे एका प्रोसेसरचे प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोसेसरवर चालवणारा. त्याच्या युजर मोडच्या लेखकांनी विचार केला, मॅडव्हाइज म्हणजे सल्ला, सल्ला न ऐकणं केव्हाही कायदेशीर. त्यांनी तो सोडून दिला. इकडे जेईमॅलॉक हा अलोकेटर, म्हणजे प्रोग्रॅमला मेमरी वाटून देणारा, धरून चाललेला की डोन्टनीड सांगितल्यावर पान कोरंच मिळणार. क्यूएमयूखाली पानात जुना कचरा तसाच. दोघांपैकी चूक कोण, सांग? मी एकदा जेवणाच्या सुट्टीत यावर पाऊण तास भांडलोय आणि माझी बाजू मध्येच बदलली. शेवटी जेईमॅलॉकने सुरुवातीलाच एक चाचणी बसवली: एका पानावर काहीतरी लिहायचं, डोन्टनीड सांगायचं, खरंच कोरं झालंय का ते बघायचं. नसेल तर चक्क स्क्रीनवर छापतो की डोन्टनीड चालत नाही, मी आपली शून्यं हाताने भरतो, आणि तुम्ही क्यूएमयूखाली असाल तर हे असंच होणार.

ही कल्पना नवी नाही. १९८०च्या आसपासच्या बर्कली युनिक्समध्येही असाच एक कॉल होता, व्हॅडव्हाइज. लिस्पचा कचरा गोळा करताना प्रोग्रॅम सगळी मेमरी धुंडाळतो, आणि "कालपर्यंत जे वापरलं तेच उद्या लागेल" हा कर्नलचा अंदाज साफ कोसळतो. तेवढ्या वेळापुरतं "मी आता वेड्यासारखा फिरणार आहे, माझ्या चालीवरून काही ठरवू नकोस" असं सांगायची सोय त्यात होती. मला हा सगळ्यांत प्रामाणिक सल्ला वाटतो.

आता तुझं विलनीड. कर्नलने शून्य दिलं म्हणजे त्याने "ऐकलं" एवढंच. तुझ्या मशीनमध्ये रॅम ८ जीबी आणि तू म्हणतोस १२ आणून ठेव. चाळीस पाहुणे येणार म्हणून काकूंना सांगितलंस तर त्या स्वयंपाकघराएवढाच स्वयंपाक करणार ना? फाइलच्या बाबतीत आजचे कर्नल एका हाकेला ठरावीक मर्यादेपर्यंतच पुढचं वाचतात आणि बाकीचं मुकाट सोडून देतात. एरर नाही, सूचना नाही. तुझ्या १२ जीबीपैकी सुरुवातीचा चिमूटभर भाग आला असेल. खोटं वाटत असेल तर मिनकोर बोलावून बघ, कुठलं पान रॅममध्ये आहे आणि कुठलं नाही ते तो पानागणिक सांगतो. नक्कीच आणायचं असेल तर लिनक्स ५.१४ पासून पॉप्युलेट रीड आहे. तो पानं खरंच आणतो, नाही जमलं तर एरर देतो. नावाला तोही मॅडव्हाइजच, पण हा सल्ला नाही, हुकूम आहे.

पण तुला त्याचीही गरज नाही. तू फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचतोस, त्या कामात कर्नल आपणहूनच तरबेज आहे. पुढचं वाचून ठेवणं हा त्याचा जुना धंदा. सीक्वेन्शियल सांगितलंस तर एवढा फायदा की वाचून झालेली पानं तो लवकर सोडतो. खरी मार तू खातोयस ती दुसऱ्या टप्प्यात, इंडेक्स फाइलमध्ये. तिथे तुझी एक नोंद १६ बाइटची आणि उड्या कुठूनही कुठे. रॅममध्ये नसलेल्या प्रत्येक पानामागे कर्नल दयाळूपणे आजूबाजूची साधारण १२८ केबी घेऊन येतो. तुला हवं होतं ४ केबीचं एक पान, आली बत्तीस. त्या मॅपिंगला रँडम सांग. हा सल्ला लिनक्स इमानाने पाळतो, म्हणून बीबोल्टसारखे डेटाबेस तो देतात. तू विलनीड काढून हा एकच टाकलास तरी मला वाटतं तुझा अर्धा राग उतरेल.

प्रोग्रॅमच्या शेवटी जे डोन्टनीड लिहिलंयस त्याने तुझं नुकसान नाही, कारण फाइलमधली पानं पुन्हा फाइलमधून येतात. पण तुला वाटतं तसा पेज कॅशही, म्हणजे वाचलेल्या फाइलची पानं कर्नल रॅममध्ये ठेवतो तो साठा, त्याने रिकामा होत नाही. फक्त तुझ्या प्रोसेसच्या तक्त्यातून नोंद जाते. कॅशमधून काढायचं तर आधी अनमॅप कर (एमॅपच्या उलट) आणि मग पॉझिक्स एफॅडव्हाइजचं डोन्टनीड सांग. काही लिहिलं असशील तर त्याआधी एफसिंक करून ते डिस्कवर उतरव, नाहीतर डिस्कवर न गेलेली पानं जागची हलणार नाहीत. हो, तिथेही नाव डोन्टनीडच. तिसरा अर्थ.

तुझ्या कलीगने सुचवलेल्या ह्यूजपेजबद्दल, म्हणजे ४ केबीऐवजी मोठी पानं वापरण्याबद्दल: त्या सेटिंगमध्ये तीन शब्द असतात, ऑल्वेज, मॅडव्हाइज, नेव्हर. मधला ठेव. ऑल्वेज ठेवलंस की कर्नल न मागता २ एमबीची पानं देतो, आणि रेडिससारखा डेटाबेस स्नॅपशॉटसाठी फोर्क करतो, म्हणजे स्वतःची दुसरी प्रत काढतो, तेव्हा ५.८ च्या आधीच्या कर्नलवर एखादा बाइट बदलला तरी अख्ख्या २ एमबीची नक्कल करावी लागायची. रेडिसवाले उगाच ते बंद करा म्हणत नाहीत.

अँड्रॉइडचं मात्र मला कौतुक आहे. तिथे कुठलं अॅप पडद्यामागे गेलं हे त्या अॅपपेक्षा सिस्टिमला जास्त कळतं. म्हणून लिनक्स कर्नल ५.४ मध्ये, २०१९ ला, कोल्ड आणि पेजआउट हे दोन सल्ले आले, आणि ५.१० मध्ये प्रोसेस मॅडव्हाइज, म्हणजे एका प्रोसेसने दुसरीचा खाडा लिहायचा. तू झोपलेला असताना मी तुझा लिहायचो तसा. उलट्या दिशेने, म्हणजे सिस्टिमने अॅपला "जरा मेमरी सोड" म्हणायची सोय अँड्रॉइड ४ पासून आहे, ऑनट्रिममेमरी. पण अलीकडच्या आवृत्त्यांनी त्यातल्या बऱ्याच सूचना देणंच थांबवलं.

एवढं करून मला आकडे पाठव. रँडमच्या आधी किती मिनिटं आणि नंतर किती. आणि पुढच्या शनिवारी येतोयस का ते नीट सांग. "जमलं तर बघू" असलं सांगू नकोस, आई पुरण घालणार आहे.

तुझा,
बाळ्या

ता. क. चाचणी लागोपाठ दोनदा चालवून "दुसऱ्यांदा फास्ट झालं" म्हणू नकोस. दुसऱ्या वेळी निम्मी फाइल आधीच पेज कॅशमध्ये असते. दोन्हींच्या मध्ये रूट (मशीनचा सर्वाधिकारी) होऊन ड्रॉप कॅशेस या कर्नलच्या फाइलमध्ये १ लिही, म्हणजे पेज कॅश रिकामा होईल. ऑफिसच्या सर्व्हरवर नको, तुझ्या स्वतःच्या मशीनवर.