आप्पा, मोरचुदाचे हात धुऊन वाचा

ती. आप्पा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा द्राक्षवेलींवरचा दावण्या रोग आटोक्यात आला का एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून पत्र. मी इंग्लंडमधल्या प्लिमथची, खाडीतल्या किड्यांवरच्या कामाची जागा घेतली आहे. तीन वर्षांसाठी. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर आई गप्प बसली असती, आणि तिचं गप्प बसणं मला झेपत नाही.

दिवाळीत आप्पा म्हणाले होते, ‘किडेच बघायचे तर आपल्या बागेत काय कमी आहेत?’ सगळे हसले, मीही हसले. उत्तर आत्ता देते.

आप्पा, फवारणीचं बोर्डो मिश्रण करताना तुम्ही विळ्याचं पातं द्रावणात बुडवायचात. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचात, ‘चुना घाल अजून, पानं जाळेल हे.’ शंभर लिटरला किलोभर मोरचूद, किलोभर चुना. मी सहा वर्षांची असताना हे पाढ्यासारखं पाठ होतं. आणि विहिरीकडच्या जुन्या बागेत खोरं मारून तुम्हीच दाखवलं होतंत की बांधावर गांडुळं निघतात, वेलीखाली निघत नाहीत. मोरचुदातलं तांबं सडत नाही, जिरत नाही. वर्षानुवर्षं मातीतच साचत जातं. माझं सगळं काम तिथूनच सुरू झालं, फक्त माती खाऱ्या पाण्याखालची आहे.

तिकडे कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या, कथलाच्या जुन्या खाणी आहेत. त्यांचं पाणी शतकानुशतकं एका खाडीत उतरत आलंय. जानेवारी 1992 मध्ये बंद पडलेल्या एका खाणीतलं पाणी फुटलं आणि खाडी गेरू कालवल्यासारखी झाली. त्या गाळात रॅगवर्म नावाचा किडा राहतो. गांडुळाचा चुलतभाऊच, पण अंगाला दोन्हीकडून पाय. स्वच्छ खाडीतला किडा त्या गाळात तग धरत नाही. तिथला मात्र धरतो, पिढ्यान्‌पिढ्या तांबं सोसून घडलेला आहे. पण विष आवरण्यातच त्याची ताकद खर्च होते. वाढीला, पिल्लांना कमी उरते.

दुसरा एक, लगवर्म, गाळ खातो आणि वर वेटोळ्यांचे ढीग टाकतो. अगदी आपल्या बांधावर दिसतात तसे. गाळ दूषित असला की खाणं मंदावतं, ढीग कमी होतात. ढीग मोजत बसणं हेही माझं कामच, आई, हसू नकोस. तो बिळातून पाणी खेळवतो, त्यामुळे खालच्या चिखलाला हवा मिळते. तो कमी झाला की चिखल काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास मारतो. शिवाय या किड्यांना मासे खातात, पक्षी खातात, म्हणजे त्यांच्या अंगातलं तांबंही पुढे जातं. आपल्या कोकणातल्या खाड्यांसाठी हे शिकून यायचंय. प्लिमथला समुद्री जीवांची प्रयोगशाळा 1888 पासून आहे. जागा भुक्कड नाही, एवढंच सांगायचं होतं.

माझी काळजी नको. खोलीत हीटर आहे, कुकर मी नेतेय, तूरडाळ तिथे मिळते. उन्हाळ्यात साडेचार आणि थंडीत साडेपाच तासांचा फरक, म्हणजे तुमचा रात्री आठचा फोन चुकणार नाही. थंडी वाजली तर आईच्या जुन्या नऊवारीची गोधडी आहेच. अजून तिला आपल्या स्वयंपाकघराचा वास येतो, म्हणून धुतलेली नाही.

आता ऐका. आप्पा, फवारताना तोंडाला रुमाल चालणार नाही, दादा मास्क आणेल तो लावायचा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखूला हात लावायचा नाही. खरं तर तंबाखूच सोडा, पण ते भांडण गावी आल्यावर. आई, गुडघ्याचं विचारलं की ‘सवय झाली’ म्हणतेस. त्या खाडीतल्या किड्यांनाही झालीय. मिरजेच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे, दादा गाडी काढेल. बीपीची गोळी उपासालाही घ्यायची.

रागावला असाल तर रागवा, मी रथोत्सवापर्यंत घरीच आहे. रथाची दोरी धरून मगच निघेन. बेदाणा दोनच किलो बांधा, गेल्या वेळेसारखे पाच नकोत.

तुमची,
बाळी

ता. क. : वाचून झाल्या झाल्या फोन करू नका. आधी जेवून घ्या.