पिंजऱ्यातली खार लांब नेऊन सोडता येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलीकडे इंग्लंडला राहून आलेल्या एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आपल्या अंकात वाचले. शेजाऱ्याने बागेत पिंजरा लावून खार पकडली आणि मारून टाकली, हे पाहून त्यांना फार वाईट वाटले. ज्या प्राण्याच्या पाठीवरून रामाने हात फिरवला त्याच्याशी असे वागवते तरी कसे, निदान जंगलात नेऊन सोडायची, असे त्यांनी लिहिले आहे. मी बरीच वर्षे रेडिंगजवळ राहते. त्यांची कळकळ मला पटते. पण त्यांनी सुचवलेला उपाय इथे कायद्याने गुन्हा आहे. एखाद्या मराठी कुटुंबाने चांगल्या मनाने तो केला तर ते नाहक अडचणीत येईल, म्हणून हे पत्र.

त्यांनी पाहिली ती करडी खार. आपल्या अंगणातल्या पट्ट्यांच्या खारीपेक्षा चौपट-पाचपट वजनाची आणि मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. 1876 मध्ये चेशायरमधल्या हेन्बरी पार्क इस्टेटीत एका धनिकाने अशी एक जोडी सोडली, ही ब्रिटनमधली पहिली नोंद. पुढे बागेची शोभा म्हणून इतर श्रीमंतांनीही ठिकठिकाणी त्या सोडल्या. आज त्यांची संख्या 27 लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. इथली मूळची लाल खार तीन लाखांहूनही कमी उरली आहे आणि त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये आहेत. करडी खार लाल खारीच्या तोंडचे अन्न पळवते, शिवाय एका देवीसारख्या रोगाचे विषाणू अंगावर बाळगते. तिला स्वतःला त्याचा सहसा त्रास होत नाही. लाल खारीच्या मात्र डोळ्यांभोवती, तोंडाभोवती फोड येतात, खाणे बंद होते आणि दोन-तीन आठवड्यांत ती मरते. ओक, बीचसारख्या तरण्या झाडांची सालही करड्या खारी सोलून काढतात.

म्हणूनच 1981 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे करडी खार एकदा पिंजऱ्यात सापडली की ती पुन्हा मोकळी सोडता येत नाही. लांबच्या रानात नाही आणि स्वतःच्या बागेतही नाही. पाळायलाही परवानगी नाही. 2019 पर्यंत इंग्लंडमध्ये जखमी खारींवर उपचार करून त्या सोडण्याचे परवाने काही संस्थांना मिळत, तेही बंद झाले. आपल्याकडे उंदीर पिंजऱ्यात सापडला की नाल्यापलीकडे सोडून येतात, तो मार्ग इथे नाही. पिंजरा लावणाऱ्याने ती खार मारण्याची जबाबदारीच घेतलेली असते, आणि मारायची तीही हाल न करता. पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवणे हा गुन्हा आहे. 2010 मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या एका माणसाला त्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले होते. उरतात ते मार्ग म्हणजे गोळी घालणे किंवा गोणपाटात घेऊन डोक्यावर एकच नेमका घाव घालणे. ट्यूलिपचे चार कंद उकरले म्हणून वैतागून पिंजरा मागवणाऱ्या किती जणांना हे जमणार आहे?

आमच्या ओळखीच्या एका घरी असा पिंजरा लावलेला मी पाहिला आहे. हिरव्या जाळीची लांबट पेटी, आत झुलती फळी, तिच्यापलीकडे पीनट बटर लावलेले दाणे. फळीवर पाय पडला की दार खाली येते. सकाळी आत खार होती. जाळीच्या एकाच कोपऱ्यात नाक खुपसून खुपसून तिने नाकाची साल काढून घेतली होती आणि जाळीच्या तारांना रक्त लागले होते. रात्री पाऊस झालेला, पिंजऱ्यावर साधे पोतेसुद्धा टाकलेले नव्हते. घरच्या माणसाला तिच्याकडे बघवेना आणि सोडताही येईना. शेवटी पैसे मोजून कीड-उंदीर नियंत्रणवाल्याला बोलवावे लागले. पुढच्याच पंधरवड्यात त्या फांदीवर दुसरी खार हजर! आमच्या भागात असेच होणार. एक जागा रिकामी झाली की आजूबाजूच्या खारी ती भरून काढतात.

याचा अर्थ पिंजरे लावणारे सगळे निर्दयी, असा नाही. वेल्सच्या अँगलसी बेटावर 1998 मध्ये लाल खारी जेमतेम चाळीस उरल्या होत्या. तिथे वर्षानुवर्षे चिकाटीने करड्या खारी पकडून बेट त्यांच्यापासून मुक्त केले, तेव्हा लाल खारींची संख्या शेकड्यांत गेली. उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रिया, नॉर्थम्बरलँडमध्ये स्वयंसेवक आजही हेच काम करतात. तिथे एक करडी खार मारल्याने लाल खारींची पिल्ले जगतात. मी त्यांच्या बाजूची आहे. पण जिथे आसपास लाल खार उरलेलीच नाही, अशा दक्षिणेतल्या शहरी बागेत फुलांसाठी किंवा पक्ष्यांच्या दाण्यांसाठी एकेक खार मारत बसणे मला मान्य नाही. त्यातून ना जंगलाचे भले होते, ना बागेचे.

ट्यूलिप, क्रोकसचे कंद लावल्यावर वरून बारीक तारेची जाळी अंथरून माती टाकावी. डॅफोडिलच्या विषारी कंदांना खारी तोंड लावत नाहीत. पक्ष्यांच्या दाण्यांत लाल तिखट मिसळता येते. पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही, खारीला चांगलाच जाणवतो. खार पोटमाळ्यात शिरून विजेच्या तारा कुरतडायला लागली तर मात्र हयगय करू नये, आग लागू शकते. आत पिल्ले नाहीत याची खात्री करून भोके बुजवावीत, आणि पिंजरा लावायचाच झाला तर जाणकाराकडून लावून घ्यावा. लावलेला पिंजरा दिवसातून निदान एकदा, खरे तर दोनदा पाहायलाच हवा.

त्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्या उत्तर भारतातली पाच पट्ट्यांची खार 1898 पासून ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात प्राणिसंग्रहालयाच्या आसपास वस्ती करून आहे आणि तिथे तीही परकी गणली जाते. खारीचा दोष दोन्हीकडे नाही, तिला हौसेने उचलून नेणाऱ्या माणसांचा आहे.

एप्रिल-मे मध्ये मुलांकडे इकडे येणाऱ्या आईवडिलांची संख्या मोठी असते आणि बागेत रमणारे बहुधा तेच असतात. त्याआधी हे पत्र छापलेत तर बरे होईल.

आपली नियमित वाचक,
रेडिंग, इंग्लंड