मिरवणूक आणि चिखल

ठाणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा आपले बोलणे अर्ध्यावर तुटले ते नेटवर्कमुळे नव्हे, मी रागाने फोन ठेवला म्हणून. बाबा, त्याबद्दल क्षमा मागते. मात्र जे म्हणायचे होते ते अजून म्हणायचेच आहे, आणि फोनवर तुमचा आवाज चढला की माझाही चढतो, म्हणून हे पत्र.

वाचनालयाच्या व्याख्यानमालेत पाटबंधाऱ्यांवरचे भाषण विसाव्या मिनिटाला बंद पडले, याचे तुम्हांला किती वाईट वाटले असेल हे मला कळते. चाळीस वर्षे तुम्ही त्या सभागृहात सतरंज्या घातल्या, वक्त्यांना स्टँडवरून घरी आणले, आईने त्यांच्यासाठी पिठले-भाकरी केली. अशा मालेत टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांतली पंधरा-वीस मुले घोषणा देत व्यासपीठापुढे येतात, कोणीतरी ध्वनिक्षेपकाची वायर ओढतो आणि निवृत्त अभियंता असलेला वयस्कर वक्ता कागद आवरून खाली उतरतो, हे पाहणे सोपे नाही. त्यानंतर तुम्ही दोन गोष्टी म्हणालात. एक, या मुलांनी रीतसर निवेदन द्यायला हवे होते. दुसरी, पुढच्या वर्षीपासून वाद होईल असा विषय आणि असा वक्ता नको. मला पहिलीपेक्षा दुसरी अधिक लागली. पण आधी पहिलीविषयी लिहिते.

निवेदने त्यांनी दिली होती. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले की पाणी वरच्या चाऱ्यांतच मुरते आणि शेवटच्या गावांच्या वाट्याला ओला गाळ येतो, हे त्यांनी तीनदा लिहून दिले आणि तिन्ही वेळा आवक शिक्क्याची पोच घेतली. पाण्याचाच विषय आहे म्हणून आठवण करून देते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सदस्य सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. सगळे रीतसर होते, कागद पक्का होता, फक्त तळ्यावर जाऊन पाणी पिण्याची अस्पृश्यांची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्याची किंमत म्हणून परतणाऱ्या लोकांना मार खावा लागला, आणि पुढे कोर्टातला वाद १९३७ पर्यंत चालला. ज्याचे निवेदन कोणी वाचत नाही त्याला निवेदनाचाच रस्ता दाखवणे म्हणजे त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवणे होय.

त्रास होतो म्हणून आंदोलन वाईट, असेही तुम्ही नेहमी म्हणत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आला आणि दहावीच्या मुलांना परीक्षेला पोचायला अडचण होऊ नये म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीतच आझाद मैदानाकडे निघाला, तेव्हा तुम्हीच मला फोन करून ‘याला म्हणतात आंदोलन’ असे म्हणाला होता. ते खरेच होते. पण त्याआधीच्या दिवशी माझी बस पाऊण तास खोळंबली होती आणि त्या पाऊण तासाशिवाय मी वनहक्काच्या दाव्यांबद्दल एक ओळही वाचली नसती. त्रासाला मर्यादा हवी, हे मान्यच. दिल्लीतल्या शाहीनबागच्या रस्ता-धरण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही. मला त्या वाक्यात ‘रस्ता’ या शब्दाइतकाच ‘अनिश्चित’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो.

मग आपल्या सभागृहात जे झाले ते योग्य होते का? नव्हते. इथे मी मुलांच्या बाजूची नाही, आणि का नाही हे सांगायला पुण्याची एक जुनी मिरवणूक उपयोगी पडेल.

१८७५ मध्ये वेदांना प्रमाण मानणारे, आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद पुण्यात आले, त्यांची व्याख्याने झाली आणि शेवटी त्यांची मिरवणूक निघाली. विरोधकांनी त्याच दिवशी एका गाढवाला सजवून ‘गर्दभानंदाचार्यां’ची मिरवणूक काढली आणि पुढे दयानंदांच्या मिरवणुकीवर चिखलफेकही झाली. समाजसुधारक न्यायमूर्ती रानडे त्या मिरवणुकीत होते, आणि जोतीराव फुलेही आपल्या माणसांसह होते. वेदांचे प्रामाण्य जोतीरावांना मुळीच मान्य नव्हते. तरी ज्याचे म्हणणे पटत नाही त्याच्या बाजूने ते रस्त्यावर उभे राहिले. मला मात्र यात गाढवाचाही विचार करावासा वाटतो. ती थट्टा कितीही हलकी असली तरी ते एक म्हणणे होते. ते ऐकून कोणाला हसू आले असेल, कोणाला राग, पण दयानंदांचे तोंड त्याने बंद होत नव्हते. चिखलाचे तसे नाही. चिखलाला काही म्हणायचे नसते. आपल्या मुलांच्या घोषणा, त्यांचे फलक, व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहणे, हे सगळे गाढवाच्या मिरवणुकीच्या जातीचे होते आणि तुम्ही ते सोसायला हवे होते. वायर ओढली तो चिखल.

आई, तू फोनवर एक अक्षर बोलली नाहीस. गुडघा दुखत असताना तू जिना चढून तिसऱ्या रांगेत बसलीस, ती भाषण ऐकायला. व्यासपीठावर कोण बोलणार आणि खाली कोण ओरडणार यावर गावात आठ दिवस चर्चा झाली असेल. ऐकायला आलेल्या दीडशे माणसांचे काय गेले, हे कोणी विचारले का? बोलणाऱ्याचा हक्क सगळ्यांना दिसतो, ऐकणाऱ्याचा कोणाच्या लक्षात येत नाही. त्या वक्त्याने पुढच्या अर्ध्या तासात कदाचित टेलच्या गावांच्याच बाजूचे काही सांगितले असते. ते आता मुलांनाही कळणार नाही.

आता तुमची दुसरी गोष्ट, बाबा. वाद होणारा वक्ता नको, असे ठरले तर वायर ओढणारा जिंकला, आणि त्याला जिंकवणारे तुम्ही. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसच्या मंडपात समाजसुधारणेची सामाजिक परिषद भरू नये म्हणून इतका विरोध उठला की रानड्यांनी माघार घेऊन ती दुसरीकडे भरवली. विरोध करणाऱ्यांत टिळक पुढे होते (तुम्हांला हे लिहिलेले आवडणार नाही, पण खरे आहे), आणि दोनच वर्षांनी लिहिल्याबद्दल राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा त्यांनाच झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात स्पष्ट म्हटले की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दाबता येणार नाही आणि विरोधी जमाव आवरता येत नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. सरकारला जी सबब नाही ती वाचनालयाच्या कार्यकारिणीला कशी चालेल?

म्हणून माझी विनंती अशी. त्याच वक्त्यांना पुन्हा बोलवा, जमल्यास याच उन्हाळ्यात. भाषणानंतरचा अर्धा तास टेलच्या गावांना द्या, त्यांच्यातल्या दोघांना ध्वनिक्षेपकावर बोलू द्या, आणि हे पत्रिकेतच छापा, म्हणजे तो उपकार वाटणार नाही. त्यांना मागे फलक घेऊन उभे राहायचे असेल तर राहू द्या. मध्येच भाषण थांबवू पाहील त्याला एकदा सांगा, नाही ऐकले तर बाहेर न्या. पोलिसांत तक्रार करायचीच असेल तर वायर ओढणाऱ्या एकट्याची करा. पंधरा नावे देऊ नका, त्यांतली निम्मी केवळ ओरडत होती.

मी पुढच्या महिन्यात येते आहे, तेव्हा कार्यवाहांशी बोलायला तुमच्याबरोबर येईन. आई, आवर्तनाविषयी तुला त्या वक्त्यांना काय विचारायचे होते ते कागदावर लिहून ठेव. तू विचारणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण लिहून ठेव.

तुमची,
माई