विषय: नवीन साइट केल्यापासून आमचं होमस्टे गूगलवर सापडत नाही, आणि खापर मात्र गूगलवर

नमस्कार,

हे पत्र लिहायची वेळ का आली ते आधी सांगतो. नोव्हेंबरात पुण्याचे आमचे एक जुने पाहुणे फोनवर विचारतात, काका, होमस्टे बंद केलंत का, गूगलवर कुठे दिसतच नाही. सीझन तोंडावर आणि मला हे पाहुण्याकडून कळतंय! आणि आमची साइट बनवून ती गूगलवर वर आणायचं काम घेतलेले तुम्ही तर दर महिन्याला रंगीत रिपोर्ट पाठवताय, त्यात सगळे बाण वर.

आमची जुनी साइट साधीच होती, भाच्याने कॉलेजात असताना केलेली. पण सावईवेरे, कुळागर (म्हणजे आमची सुपारीची बाग), केळीच्या पानावरचं जेवण, असलं काहीही शोधलं की पहिल्या पानावर यायची. तुमचा माणूस आला आणि म्हणाला, डिझाइन जुनं झालंय, नवीन करूया, तीन महिन्यांत नंबर वन गॅरंटी. नंबर वनची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही असं खुद्द गूगलनेच लिहून ठेवलंय हे मला तेव्हा माहीत नव्हतं, चूक माझी.

चवथ झाली, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवीन साइट चालू झाली, आणि ऑक्टोबरात इंक्वायरी बंद. विचारलं तर उत्तर काय, गूगलचा अल्गोरिदम, म्हणजे कोण वर कोण खाली ते ठरवायची पद्धत, बदलला, सगळ्यांचंच पडलंय, थोडं थांबा. थांबलो. नाताळ गेला तरी थांबलोच होतो.

मग भाच्याने डोमेनवरून, म्हणजे साइटच्या पत्त्यावरून, मालकी सिद्ध करून सर्च कन्सोल उघडलं, आपली साइट गूगलवर कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचंच साधन. त्यात मागचे १६ महिने दिसतात. आलेख बघायला तज्ज्ञ लागत नाही हो, तुम्ही साइट लाइव्ह केली त्याच आठवड्यात रेष कड्यावरून खाली! अल्गोरिदमचे मोठे अपडेट कधी सुरू झाले कधी संपले हे गूगल तारखेसकट जाहीर करतं, त्या आठवड्यात तसलं काहीच नव्हतं.

होतं काय, तर तुमच्या मुलांनी साइट बनवताना वर्डप्रेसमधला, म्हणजे साइट ज्यावर बनवली त्या सॉफ्टवेअरमधला, तो चौकोन टिक केला होता, सर्च इंजिनने ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे आपल्या यादीत घेऊ नये म्हणून, आणि लाइव्ह करताना काढायला विसरले. अकरा दिवस तसाच. म्हणजे दुकान उघडून बाहेर बंदची पाटी. नंतर गुपचूप काढलात, मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. विसरतात माणसं, मीही विसरतो, पण लपवायचं कशाला?

पण तेवढ्यावर भागलं असतं तर पत्र लिहिलं नसतं, कारण ती टिक काढल्यावर पानं हळूहळू परत येतात. खरं नुकसान पुढचं आहे. जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता तुम्ही बदललात आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारा ३०१ रीडायरेक्ट एकाही पानाला लावला नाहीत. कुळागरातल्या जेवणाचं आमचं पान, ज्याला कितीतरी प्रवास लिहिणाऱ्यांनी आपणहून लिंक दिली होती, ते उघडलं की आता ४०४, पान सापडत नाही. इतक्या वर्षांची ओळख त्या पत्त्याला होती. घर बदललं तर पोस्टमनला सांगतो आपण, रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवा असं गूगल सांगतं, आणि तुम्ही जुनं घरच पाडलंत.

त्याच्या जागी काय आलं? कळंगुटजवळ होमस्टे, बागाजवळ होमस्टे, हणजूणजवळ, पाळोळेजवळ, अशी चौदा पानं, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. अहो आमच्याकडे सुपारीच्या झाडाच्या शेंड्यावर चढलं तरी समुद्र दिसत नाही! असल्या, नुसती शोधणाऱ्याला आत ओढायला केलेल्या पानांना गूगल डोअरवे म्हणतं आणि ती स्पॅममध्ये धरतं. एक कुटुंब खरंच बागा समजून आलं, मुलं बादली-फावडं घेऊन, त्यांना मी काय सांगायचं?

सर्च कन्सोलमधला लिंकचा रिपोर्ट उघडला तर जुगाराच्या कुठल्या कुठल्या साइटवरून आम्हाला लिंक. मांडवीतले कॅसिनो परवडले, ते निदान डोळ्यांना दिसतात. खरं बोलायचं तर आमची घसरण या लिंकांमुळेच झाली असं मी म्हणत नाही, कारण २०१६च्या पेंग्विन नावाच्या अल्गोरिदम अपडेटपासून गूगल असल्या लिंका बहुतेक करून मोजतच नाही, आणि आमच्यावर मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली शिक्षा, तीही दिसत नाहीये. पण मग दर महिन्याला लिंक बिल्डिंगचे, दुसऱ्या साइटवरून लिंक मिळवून द्यायचे म्हणून पैसे घेतलेत ते कशाचे? नव्या साइटच्या होमपेजवरच्या त्या ड्रोन व्हिडिओबद्दल तर बोलतच नाही, आमच्या वाड्यावर मोबाइलला तो उघडेपर्यंत चहा होतो.

आता पंधरा दिवसांत जुन्या पत्त्यांची यादी काढून प्रत्येकाला त्याच विषयाच्या नव्या पानाचा रीडायरेक्ट लावा, सगळे होमपेजवर ढकलू नका, ती चौदा पानं काढा, विकत घेतलेल्या लिंका कुठल्या ते लेखी द्या, आणि ऑक्टोबरपासून लिंक बिल्डिंगचे घेतलेले पैसे परत करा. होस्टिंगचे, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे तिथले, पासवर्डही मला हवेत. हे नाही झालं तर ग्राहक आयोगाकडे जाणार, आलेखाचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. तोवर मेंटेनन्सचं बिल पाठवू नका.

आणि पुढच्या वर्षी डोमेन रिन्यू करताना ते माझ्याच नावावर राहील ना, की तेही तुमच्या नावावर करून घेतलंय, तेवढं आधी फोन करून सांगा.

तुमचा ग्राहक,
सावईवेरे, फोंडा