वहिनींच्या हाडांविषयी

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

वहिनींच्या हाडांची घनता कमी भरल्याचे तू कळवलेस आणि कॅल्शियमची गोळी चालू केली की भागेल का, असे विचारलेस. गोळी डॉक्टर सांगतील तशी घ्यावीच. पण तेवढ्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे आकुंचन अवलंबून असल्यामुळे रक्तातली त्याची पातळी शरीर सहसा ढळू देत नाही, आणि आहारातून पुरेसे मिळाले नाही तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड या छोट्या ग्रंथींचे संप्रेरक ते हाडांतून काढून आणते. म्हणूनच रक्ततपासणीत कॅल्शियम ठीक आले, तरी हाडांविषयी निर्धास्त राहता येत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते खरे, परंतु तिच्यातले फायटेट हे द्रव्य त्यातला काही भाग अडवून धरते. यावर आपल्याकडे जुना उपाय आहेच: नाचणी रात्रभर भिजवायची, उपसून ओल्या पंच्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून मंद आचेवर भाजायची आणि मग दळायची. मोड आल्याने फायटेट घटते. पीठ आंबवून केलेल्या आंबिलीतही तेच साधते. पालकाचे मात्र उगाच कौतुक होते, कारण त्यातले बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेट या त्याच्यातल्याच द्रव्यामुळे अंगी लागतच नाही. दूध, दही, ताक यांना ही अडचण नाही. तुमच्याकडे मासळी चालते, तेव्हा काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळीही उत्तम.

हाडांना लागणाऱ्या फॉस्फरसची काळजी नको, तो डाळभातातून सहज मिळतो. मॅग्नेशियमकडे मात्र लक्ष असू दे. शरीरातले निम्म्याहून अधिक मॅग्नेशियम हाडांत असते आणि ते फार घटले तर पॅराथायरॉइडचे कामही बिघडते. शेंगदाणे, तीळ, कडधान्ये आणि बिनसडीची धान्ये यांतून ते मिळते. वहिनींच्या हातचे लोणचे मलाही सोडवत नाही, पण मीठ जास्त झाले की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जाते, तेव्हा ताटातली फोड लहानच बरी.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतड्यांत कॅल्शियम नीट शोषले जात नाही, म्हणून त्याची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचार. वहिनींना लोहाची गोळीही चालू असेल, तर ती आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी देऊ नकोस. दोहोंत काही तासांचे अंतर ठेव.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव